पेंग आणि शीण : विजेच्या दिव्याचा एक मराठी इतिहास

झोपेच्या आणि थकव्याच्या आसपासचे मराठी शब्द मोजायला बसले, तर त्यांची संख्या आपल्याला वाटते त्याहून बरीच जास्त भरते. पेंग, गुंगी, डुलकी, सुस्ती, ग्लानी, मरगळ, शीण, शिणवटा, थकवा. कोशकार यांपैकी पुष्कळ शब्द एकमेकांच्या अर्थासाठी देतात. बोलणारा माणूस मात्र त्यांची गल्लत करीत नाही. पेंग तोंडावर पाणी मारले की उडते. शीण उडत नाही. तो साठत जातो आणि उतरावा लागतो. मरगळ तर आणखी निराळी, कारण पोटभर झोपून उठलेल्या माणसालाही ती असू शकते. तीन शब्द आणि तीन अवस्था : एक जागेपणाची, एक श्रमाची आणि एक मनाची.

घरातील, कारखान्यातील आणि वर्गातील दिव्यांचा माणसावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणारे आजचे शास्त्रज्ञही असेच तीन प्रश्न निरनिराळे ठेवतात. प्रकाशाने माणूस किती सावध राहतो, त्याची मनःस्थिती कशी होते आणि त्याचा मानसिक थकवा वाढतो की कमी होतो? प्रस्तुत लेखात हे प्रश्न प्रयोगशाळेतून थोडे बाहेर काढून आपल्या इतिहासात नेऊन पाहावयाचे आहेत. कारण विजेचा दिवा महाराष्ट्रात आला तो पेंग घालवणारा म्हणून, आणि त्याने शीणही घालवला असे गृहीत धरले गेले. या गल्लतीची किंमत कोणी मोजली, हा या लेखाचा विषय आहे.

*

विजेपूर्वीच्या काळात दिवा दिवस लांबवीत नसे. तो दिवस संपल्याची खूण असे. 'दिवेलागण' हा शब्दच पाहा. दिवे लागतात ती वेळ म्हणजे काम आवरण्याची, गुरे गोठ्यात येण्याची आणि देवापुढे हात जोडण्याची वेळ. तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये, उंबऱ्यावर बसू नये असे अनेक संकेत या एका घटकेभोवती गोळा झालेले आहेत. दिवा 'विझवला' असे म्हणण्याची घरोघर मनाई असे; तो 'मालवायचा' किंवा त्याला 'निरोप द्यायचा'. आषाढ अमावास्येला दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करण्याची चालही याच जाणिवेतून आलेली आहे. प्रकाश ही फुकटची गोष्ट नव्हती. तेल मोजून घातले जाई आणि वात मोजून पुढे केली जाई.

आमच्या अक्कलकोटात या शब्दसंपत्तीला आणखी दोन भाषांची जोड आहे. मराठी घरात उजेड, कन्नड घरात 'बेळकु' आणि दखनी बोलणाऱ्या घरात 'उजाला' किंवा 'चिराग'. एकाच गल्लीत तिन्हीसांजेला हे तिन्ही शब्द कानावर पडतात. पुढे रेल्वे आली, खनिज तेल आले आणि त्याबरोबर दोन नवे शब्द आले : 'रॉकेल' आणि 'घासलेट'. पहिला 'रॉक ऑइल'वरून आणि दुसरा 'गॅसलाइट'वरून आला असे मानले जाते. काचेचा कंदील, पत्र्याची बिनकाचेची चिमणी आणि लग्नकार्यातली गॅसबत्ती ही या तेलाची अपत्ये होत.

हा उजेड किती होता? मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर जो उजेड पडतो तो साधारण एक लक्स. चिमणीचा उजेड याच पातळीवरचा. याउलट भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, आणि झाडाच्या सावलीतही तो काही हजारांत मोजता येतो. म्हणजे शेतात, अंगणात, ओसरीवर दिवस काढणारा माणूस दिवसा लखलखीत प्रकाशात आणि रात्री जवळजवळ अंधारात राहत असे. हा फरक हजारो पटींचा होता. ही संख्या वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावे लागेल.

याचा अर्थ जुना माणूस रात्री जागत नव्हता असा नाही. किंबहुना रात्र जागवण्याची एक संपूर्ण संस्कृतीच आपल्याकडे होती. अक्कलकोटपासून तुळजापूर फार लांब नाही, आणि भवानीचा गोंधळ या भागात घरोघर परिचयाचा आहे. संबळ, तुणतुणे आणि पोत यांच्या साथीने तो रात्रभर चालतो. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी आणि दिवटी-बुधली. एकादशीचे भजन, पहाटेची काकड आरती, रात्रभराचा तमाशा. या सर्वांत प्रकाश अगदी थोडा असतो, आणि तरीही माणसे जागी असतात. त्यांना दिवा जागवीत नाही. त्यांना जागवतो तो ताल, बाजूला बसलेला माणूस, आणि पुढे कथेत काय होणार याची ओढ. शिवाय हे जागणे नैमित्तिक असते. 'जागर' हा शब्द रोजच्या रात्रीला लागत नाही.

तथापि या जुन्या रात्रीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. बायकांची रात्र कधीच पूर्ण त्यांची नव्हती. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसणे हे नैमित्तिक नव्हते. ते रोजचे होते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रभरातील स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांकडे आपण साहित्याचे विद्यार्थी भावकाव्य म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु अर्धवट झोपेत, अंधारात, जड दगड फिरवणाऱ्या देहाला जागे ठेवण्याचे कामही तीच ओवी करीत होती. ओवीने पेंग उडत असे. शीण तसाच राही, आणि म्हणूनच कदाचित ओव्यांमध्ये तो इतक्या वेळा बोलून दाखवला गेला.

*

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा हा त्याच्या ऐन तडाख्यातला. याच दुष्काळात, १८७७ साली, सोलापुरात मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सूत-कापडाची गिरणी सुरू झाली. सोलापूरकर तिला पुढे 'जुनी गिरणी' म्हणू लागले. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोहोचली होती आणि १८७१ पर्यंत ती अक्कलकोटजवळून रायचूरपर्यंत गेली होती. अक्कलकोट हे तेव्हा संस्थान होते. संस्थानाच्या राजधानीत स्वामी समर्थांनी १८७८ साली देह ठेवला, तेव्हा जेमतेम चाळीस किलोमीटरवर गिरणीचा भोंगा वाजू लागलेला होता. दुष्काळाने उठवलेला माणूस आणि भोंग्याने बोलावलेला माणूस यांची गाठ या भागात अशी पडली.

सुरुवातीच्या गिरण्या मात्र सूर्यावर चालत. यंत्र वाफेचे असले तरी तुटलेला धागा डोळ्यांनीच शोधावा लागतो, आणि त्याला उजेड लागतो. म्हणून मुंबईतील गिरण्यांचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा असे. तो हिवाळ्यात थोडा आखूड आणि उन्हाळ्यात लांब असे. वर्षाची सरासरी बारा तासांच्या आसपास पडे. बारा तास ही काही दयेची गोष्ट नव्हती. परंतु त्या दिवसाला एक शेवट होता, आणि तो शेवट मालकाच्या हातात नव्हता.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या आज वाचताना मन थबकते. आठवड्यातून एक दिवस सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. पगार वेळेवर व्हावा. अपघातात जायबंदी झालेल्याला काही मिळावे. आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. या शेवटच्या मागणीत तासांचा आकडा नाही. 'दीनबंधू'च्या या संपादकाने, सत्यशोधक परंपरेतील या कार्यकर्त्याने, आणि त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या कामगारांनी दिवसाची सीमा मागितली ती गावाकडून आणलेल्या भाषेत. दिवेलागण झाली की काम आवरायचे, हाच तो संकेत. आठवड्याची सुटी १८९० मध्ये मिळाली. सूर्यास्ताची मागणी मात्र कायद्यात उतरण्याआधीच तंत्रज्ञानाने निकालात काढली.

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लोकांनी पाहिला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी गिरण्यांनी स्वतःचे डायनामो बसवायला सुरुवात केली. गॅसच्या किंवा तेलाच्या दिव्याने कापसाच्या धुळीत आग लागण्याचे भय असे. विजेने ते बरेच कमी झाले. १९०५ साली सुताला आणि कापडाला मोठी मागणी आली, आणि ज्या गिरण्यांत वीज होती त्यांनी चौदा-साडेचौदा, क्वचित पंधरा तास काम घ्यायला आरंभ केला. यासाठी दुसरी पाळी नव्हती. तीच माणसे, तीच यंत्रे. सूर्य तेवढा वगळला होता. या प्रकाराविरुद्ध 'टाइम्स ऑफ इंडिया'सारख्या युरोपीय मालकीच्या पत्रानेही १९०५ मध्ये मोहीम चालवली. तिच्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे हितसंबंध आहेत अशी शंका देशी मालकांनी बोलून दाखवली. ती सर्वस्वी निराधार नव्हतीच. तथापि शंका खरी मानली तरी दिव्याखाली उभा असलेला माणूस खोटा ठरत नाही.

*

या प्रश्नावर दोन चौकश्या झाल्या. १९०६ साली नेमलेल्या फ्रीअर-स्मिथ समितीने प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालावी असे सुचवले. त्यानंतर मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या १९०८ च्या आयोगाने बहुमताने उलट मत दिले : प्रौढ पुरुषाच्या तासांवर कायद्याने थेट बंधन नको.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या चौकश्यांमधून कामगाराचे उभे राहिलेले चित्र. मालकांची आणि व्यवस्थापकांची तक्रार अशी, की हा माणूस चौदा तास गिरणीत असतो खरा, पण चौदा तास काम करीत नाही. तो बिडी ओढायला बाहेर जातो, पाणी प्यायला जातो, अंगणात जेवत बसतो, आडवा होतो. म्हणून तास जास्त असले तरी ते त्याला बाधत नाहीत. तो स्वभावतःच रेंगाळणारा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या युक्तिवादाकडे एक संहिता म्हणून पाहावे असे मला वाटते. 'रेंगाळणे' हे क्रियापद कोणी कोणासाठी वापरले आहे? ज्याला आपण शीण म्हणतो त्याला या भाषेत आळस हे नाव मिळाले, आणि नाव बदलताच कारणही बदलले. शीण असेल तर दोष तासांचा ठरतो. आळस असेल तर दोष माणसाचा, त्याच्या जातीचा, त्याच्या हवामानाचा.

आयोगाचे एक सदस्य, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर, हे पेशाने वैद्य होते. त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि प्रौढ पुरुषांचे तास थेट मर्यादित केलेच पाहिजेत असा आग्रह धरला. माणूस पुनःपुन्हा बाहेर जातो याचा अर्थ त्याला तास बाधत नाहीत असा काढायचा, की तास बाधतात म्हणूनच तो बाहेर जातो असा काढायचा? वैद्याच्या नजरेला दुसरा अर्थ सहज दिसावा. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. पुढे १९२२, १९३४ आणि १९४६ च्या कायद्यांनी आठवड्याचे तास अनुक्रमे ६०, ५४ आणि ४८ वर आणले.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात उजेडासाठी स्वतंत्र कलम होते. प्रकाश पुरेसा आणि योग्य असावा, डोळ्यांवर ताण येऊ नये, खिडक्यांच्या काचा स्वच्छ ठेवाव्यात असे ते सांगे. तासांसाठी निराळे प्रकरण होते. दोन्ही तरतुदी चांगल्याच होत्या. पण प्रकाशाचा विचार डोळ्यांपुरता आणि थकव्याचा विचार घड्याळापुरता, अशी वाटणी तेथे पक्की झाली. प्रकाश स्वतःच घड्याळ हलवतो हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते.

*

१९०५ च्या त्या रात्रींबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. परळच्या गिरण्यांच्या खिडक्या विजेने उजळलेल्या होत्या, त्याच सुमारास परळच्याच डबक चाळीत एका लहानशा खोलीत एक शाळकरी मुलगा पहाटे दोन वाजता उठून अभ्यास करीत असे. हा मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते १९०७ साली मॅट्रिक झाले. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात या खोलीचे वर्णन आहे. सगळे कुटुंब तेथेच, स्वयंपाक तेथेच, धूर तेथेच. म्हणून असे ठरले होते, की मुलाने लवकर झोपावे, वडिलांनी दोनपर्यंत जागावे, मग त्याला उठवून स्वतः आडवे व्हावे. पुढचा अभ्यास रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यावर.

हा प्रसंग आपण जिद्दीचे उदाहरण म्हणून शेकडो वेळा सांगतो. वर्गात सांगतो, जयंतीच्या भाषणात सांगतो. सांगताना भर देतो तो दोन वाजता उठण्यावर. पण रामजी सुभेदारांनी केलेल्या व्यवस्थेचा पहिला भाग कोणता? मुलाने लवकर झोपावे, हा. ती व्यवस्था जागण्याइतकीच झोपेचीही होती. एक माणूस जागा राहून दुसऱ्याच्या झोपेची राखण करीत होता. ही सुद्धा एक प्रकारची पाळीच. परंतु हाकेच्या अंतरावरच्या गिरणीतल्या कामगाराला अशी राखण करणारे कोणी नव्हते. तेथे उजेड भरपूर होता आणि दिवा केव्हा मालवायचा हे दुसरा कोणीतरी ठरवीत होता. चाळीत उजेड नाममात्र होता, पण जागायचे केव्हा आणि झोपायचे केव्हा हे त्या कुटुंबाने आपसांत ठरवले होते.

गरिबीला यातून काव्यात्म करायचे नाही. चिमणीच्या धुराने डोळे जळतात, तिने घरे पेटली आहेत, आणि गावात विजेचा खांब आला तेव्हाही तो गावकुसाबाहेर बऱ्याच उशिरा पोहोचला. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हापासून आपल्याकडचे बहुजनांचे शिक्षण दिव्याशी बांधलेले आहे. दिवसा ज्याचा वेळ दुसऱ्याचा असतो त्याला रात्रीच वाचावे लागते. म्हणून रात्रीचा दिवा हा शत्रू मानून चालणार नाही.

*

आता विज्ञानाकडे. उजेड आणि काम यांचा संबंध मोजण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न अमेरिकेत, शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात, १९२४ ते १९२७ या काळात झाला. उजेड वाढवला तर उत्पादन वाढले, कमी केला तरी वाढले, आणि त्यावरून 'कामगाराकडे लक्ष दिले की तो जास्त काम करतो' हा सिद्धान्त निघाला, अशी गोष्ट पाठ्यपुस्तकांत सांगितली जाते. मूळ आकडेवारी पुन्हा तपासून २०११ मध्ये लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले, की गोष्ट जितकी ठसठशीत आहे तितका पुरावा ठसठशीत नाही. व्यवस्थापनशास्त्रानेही दिव्याकडे उत्पादनाच्या बाजूनेच पाहिले, हे मात्र त्यातून स्पष्ट होते.

खरा बदल झाला तो डोळ्याच्या अभ्यासातून. डोळ्यात दृष्टीसाठी दोन प्रकारच्या पेशी असतात हे जुने ज्ञान. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या त्वचेत मेलॅनॉप्सिन नावाचे प्रकाशग्राही प्रथिन शोधले. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने दाखवले, की डोळ्याच्या पडद्यातील काही थोड्या चेतापेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. या पेशींचे मुख्य काम पाहणे हे नाही. आता दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूतील घड्याळाला कळवतात. निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. असा प्रकाश रात्री डोळ्यांवर पडला, की झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन उशिरा आणि कमी स्रवते, पेंग मागे हटते, आणि शरीराचे घड्याळ पुढे ढकलले जाते. त्याला फार प्रखर दिवा लागत नाही. घरातील संध्याकाळचे नेहमीचे दिवेही काही प्रमाणात हे करतात, असे २०११ मधील एका अभ्यासात दिसून आले.

मग प्रकाशाने थकवा जातो का? येथे प्रयोगांचे निष्कर्ष आपल्या दोन शब्दांच्या फार जवळ येतात. प्रखर किंवा निळसर प्रकाशात रात्री माणसाला आपण जास्त जागे आहोत असे वाटते, हे पुष्कळ प्रयोगांत दिसले आहे. प्रत्यक्ष कामातील अचूकता आणि स्मरण तितके सुधारते का, याबद्दल मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणजे जागेपणाची भावना आणि मेंदूची ताकद या दोन गोष्टी आहेत. दिवा पहिली देऊ शकतो. न घेतलेली झोप मात्र तो भरून देत नाही. पेंग गेली तरी शीण तेथेच असतो, आणि आता तो आपल्याला कळत नाही, एवढाच फरक. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या रातपाळीला बहुधा कर्करोगकारक ठरवले, आणि २०१९ मध्ये ते मत कायम ठेवले.

याची दुसरी बाजू दिवसाची आहे. दिवसा भरपूर प्रकाश मिळणे हे मनःस्थितीला आणि रात्रीच्या झोपेला हितकारक असते. मरगळीवर प्रकाशाचा उपचार करता येतो, हे नॉर्मन रोझेन्थल यांनी १९८४ मध्ये हिवाळी खिन्नतेच्या अभ्यासातून मांडले. आता मघाची संख्या आठवावी. आपल्या जुन्या घरात दिवस हजारो लक्सचा आणि रात्र एक-दोन लक्सची होती. आज नळीच्या दिव्याखाली बसलेल्या माणसाचा दिवसही साधारण तीनशे लक्सचा, आणि रात्रही तेवढ्याचीच. आपण रात्र उजळली, हे सर्वांना दिसते. त्याच वेळी दिवस अंधारा केला, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

*

या इतिहासाचे आजचे रूप गिरणीत सापडत नाही. सोलापूरच्या बहुतेक जुन्या गिरण्या आता बंद पडून गेल्या आहेत. ते रूप सापडते अभ्यासिकेत.

२००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनाची होती. अक्कलकोट तालुक्यातील गावांत बारा-बारा तास वीज नसे, आणि परीक्षेच्या दिवसांत मुले पुन्हा कंदिलाशी जाऊन बसली. वीज 'किती वाजता येते' यावर झोप ठरू लागली. पिकाला पाणी देण्यासाठी मध्यरात्री उठणारा शेतकरी तर आजही या हिशेबाने जगतो. पुढे वीज स्थिरावली. २०१५ च्या जानेवारीत 'उजाला' योजना आली आणि पिवळ्या बल्बाची जागा एलईडीने घेतली. साठ वॅटच्या जागी नऊ वॅट, हा लाभ गरीब घराच्या बिलात थेट दिसला. परंतु बाजारात सर्वाधिक खपणारा दिवा होता तो दुधी, थंड, निळसर पांढरा. जुन्या बल्बच्या तांबूस उजेडाच्या तुलनेत त्यात निळ्याचा अंश जास्त. एका पिढीने रात्रीचा रंगच बदलला, आणि त्यावर चर्चा झाली ती फक्त बचतीची.

आज तालुक्याच्या गावीसुद्धा चोवीस तास उघड्या अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली तेथे महिनोन्महिने बसतात. जागेचा खोलीत उपयोग व्हावा म्हणून खिडक्या पाट्यांनी आणि पडद्यांनी झाकलेल्या, वर नळ्यांची रांग, प्रत्येकाला लाकडी फळीने वेगळा केलेला कप्पा. कप्प्याच्या भिंतीवर किती तास बसायचे याचा आकडा चिकटवलेला : बारा, चौदा, क्वचित सोळा. १९०५ चा आकडा तो हाच. फरक इतकाच, की येथे कोणी मालक उभा नाही. जागा मोजक्या, उमेदवार लाखोंनी, आणि परीक्षेच्या तारखा अनिश्चित. या व्यवस्थेने प्रत्येकाला स्वतःचाच मुकादम करून ठेवले आहे. गोंधळातल्या जागणाऱ्याला बाजूचा माणूस आणि संबळ तरी होते. जात्यावरच्या बाईला ओवी होती. या कप्प्यात दिव्याशिवाय कोणी नाही.

आणि येथेही भाषा तेच काम करते जे १९०८ मध्ये तिने केले. सकाळच्या तासाला मागच्या बाकावर मान टाकणाऱ्या विद्यार्थ्याला आपण प्राध्यापक मंडळी काय म्हणतो? लक्ष नाही, गांभीर्य नाही, रात्रभर मोबाइल पाहतो. यातील काही कारणे काही वेळा खरी असतीलही. परंतु त्याने रात्री काय केले, कोठे केले, आणि दिवसाचा उजेड त्याला शेवटचा केव्हा मिळाला, हे विचारण्यापूर्वीच 'आळशी' हा शब्द तयार असतो. गिरणीच्या व्यवस्थापकाजवळही तो असाच तयार होता.

महाविद्यालयाच्या हातात फारसे काही नसते, हे खरे. तरी ग्रंथालयाच्या खिडक्यांपुढची कपाटे हलवून तेथे वाचायची मेजे ठेवता येतात. सकाळच्या तासांपैकी एखादा व्हरांड्यात किंवा झाडाखाली घेता येतो. बाबासाहेबांची गोष्ट सांगताना रामजी सुभेदारांची अर्धी बाजूही सांगता येते. लोखंड्यांचे निवेदन कामगार चळवळीच्या इतिहासात एका ओळीत उरकले जाते. ते मराठी गद्याच्या तासाला सविस्तर शिकवता येते, आणि 'सूर्यास्त' हा शब्द त्या साडेपाच हजारांना का लागला असेल, हे मुलांनाच विचारता येते. अभ्यासिकेतून थेट वर्गात आलेला एखादा विद्यार्थी त्याचे उत्तर आपल्यापेक्षा नेमके देईल, असा माझा अंदाज आहे.